पुराचा हिशेब

दख्खनच्या पठारावरील नद्यांचा स्वभाव मोठा विलक्षण आहे. वर्षाचे आठ महिने त्यांच्या पात्रात वाळू आणि खडक यांचेच राज्य असते. पात्राच्या मधोमध एखादी क्षीण धार झुळझुळत असते आणि तिच्या दोन्ही अंगांस गुरे चरत असतात. अशा नदीकडे पाहून तिच्यापासून कोणास भय असेल असे मनातही येत नाही. तिच्या काठावर घरे उठतात, बाजार भरतात, देवळे आणि मशिदी उभ्या राहतात. परंतु पावसाळ्यात एखाद्या रात्री दूरच्या टेकड्यांवर आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळतो आणि पहाटे नदी गावात शिरते. माणसे हतबुद्ध होतात, दैवाचा कोप म्हणून कपाळाला हात लावतात. पुढे पाणी ओसरते आणि दुसऱ्या वर्षी घरे पुन्हा त्याच काठावर उठतात.

पूर हा दैवाचा कोप नसून पावसाचा हिशेब आहे आणि जो हिशेब मांडता येतो त्याची तजवीजही आधी करता येते, ही गोष्ट आपल्या देशात ज्यांनी प्रत्यक्ष कृतीने सिद्ध करून दाखविली त्यांत सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे नाव अग्रभागी आहे. पाऊस किती पडला, कोठे पडला, किती वेळात पडला आणि त्याचे पाणी नदीत उतरण्यास किती अवधी लागला, या चार प्रश्नांचा त्यांनी आयुष्यभर पाठपुरावा केला. या प्रश्नांच्या उत्तरांवर हजारो माणसांचे प्राण अवलंबून असतात, हे त्यांनी ओळखले होते.

विश्वेश्वरय्यांचा जन्म म्हैसूर संस्थानातील चिक्कबल्लापूरजवळच्या मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. त्यांचे पूर्वज आंध्रातील मोक्षगुंडम या गावचे. म्हणून ते नाव कुटुंबाला चिकटले. वडील श्रीनिवासशास्त्री हे संस्कृतचे पंडित होते. घरात विद्या होती, पण धन नव्हते. मुलगा लहान असतानाच वडिलांचे छत्र हरपले आणि आईवर संसाराचा भार पडला. मुलाने शिकावे ही त्या माउलीची जिद्द होती. बंगळूरला मामांच्या आश्रयाने विश्वेश्वरय्यांचे शिक्षण चालू झाले. इतर मुलांच्या शिकवण्या घेऊन ते आपला खर्च भागवीत आणि उरलेल्या वेळात अभ्यास करीत. सेंट्रल कॉलेजातून ते पदवीधर झाले, तेव्हा त्यांच्या बुद्धीची चमक पाहून म्हैसूर सरकारने त्यांना शिष्यवृत्ती देऊन पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये पाठविले. तेथे त्यांनी स्थापत्यशास्त्राचा अभ्यास केला आणि १८८३ साली ते मुंबई इलाख्यात पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले. पुढच्याच वर्षी मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून त्यांची नेमणूक झाली. अशा रीतीने कन्नड प्रांतातील या तरुणाच्या कर्तृत्वाचा आरंभ महाराष्ट्राच्या भूमीवर झाला.

नाशिक आणि खानदेश हे त्यांच्या नोकरीचे पहिले क्षेत्र. धुळे परिसरात पांझरा नदीच्या एका प्रवाहाखालून नळ घालून पाणी पलीकडे नेण्याचे काम त्यांच्याकडे आले. दिवस पावसाळ्याचे होते. वरून पाऊस कोसळत होता, खोदलेले चर वाळूने भरून जात होते आणि नदी केव्हा फुगेल याचा नेम नव्हता. काम पुढे ढकलावे असे त्यांना वाटले. परंतु वरिष्ठांना ते रुचले नाही. तेव्हा पावसाळी नदीशी झगडत त्यांनी ते काम पुरे केले. पावसाळी नदीची ओळख पुस्तकातून होत नाही, ती काठावर उभे राहूनच होते. या पहिल्याच अनुभवाने त्यांना नदीचा लहरीपणा शिकविला आणि त्या लहरीपणाच्या मुळाशी काही नियम आहे काय, याचा शोध घेण्याची गोडी लावली.

पुढे सिंध प्रांतातील सक्कर शहराला त्यांनी सिंधू नदीचे पाणी पुरविले. त्यानंतर ते पुणे विभागात आले. पुण्याजवळ मुठा नदीवर खडकवासल्याचे धरण होते. शहराला आणि कालव्याला त्याचेच पाणी मिळे. पावसाळ्यात या धरणाच्या सांडव्यावरून सहा ते आठ फूट उंचीचे पाणी वाहून जाई आणि उन्हाळ्यात मात्र पाण्याची ओढ लागे. धरणाची उंची वाढवावी तर खर्च अफाट आणि जुन्या भिंतीवर भार अधिक. विश्वेश्वरय्यांनी यावर अशी युक्ती काढली की, सांडव्यावर लोखंडी दरवाजे बसवावयाचे. तळ्यातील पाणी ठराविक पातळीपर्यंत चढेतो हे दरवाजे बंद राहून पाणी अडवीत. पातळी त्याहून वर जाऊ लागली की पाण्याच्याच जोराने ते आपोआप उघडत आणि जादा पाण्याला वाट करून देत. पूर ओसरला की ते पुन्हा आपोआप मिटत. रात्री अपरात्री पूर आला, पहारेकऱ्याला डुलकी लागली, तरी दरवाजे आपले काम चुकत नसत. धरणाची भिंत न वाढविता आठ फूट अधिक पाणी साठविण्याची सोय त्यामुळे झाली. १९०३ च्या सुमारास हे दरवाजे बसले आणि विश्वेश्वरय्यांचे नाव देशभर झाले. पुढे ग्वाल्हेरच्या तिघ्रा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावरही अशा दरवाजांचा उपयोग करण्यात आला.

या दरवाजांच्या मागे एक मोठे तत्त्व होते. तळे भरण्यापूर्वीच, पूर आला तर जादा पाणी कोठून जाईल हे ठरलेले असले पाहिजे. ऐन वेळी सुचणारी युक्ती पुरापुढे टिकत नाही. या तत्त्वाची खरी कसोटी पुण्यापासून दूर, निजामाच्या राजधानीत लागावयाची होती.

हैदराबाद शहर मुसी नदीच्या दोन्ही तीरांवर वसले आहे. पश्चिमेस विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या टेकड्यांत ही नदी उगम पावते आणि शहराच्या थोडे वर ईसी नावाची नदी तिला येऊन मिळते. १९०८ च्या सप्टेंबर महिन्याच्या अखेरीस या दोन्ही नद्यांच्या पाणलोटात पावसाने थैमान मांडले. शमशाबाद येथे चोवीस तासांत सुमारे १३ इंच आणि अठ्ठेचाळीस तासांत जवळजवळ १९ इंच पाऊस झाला. हैदराबादेत साऱ्या वर्षात सरासरीने ३० इंचांच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे वर्षाच्या पावसातील अर्ध्याहून अधिक भाग दोन दिवसांत कोसळला. पाणलोटात शेतीसाठी पूर्वजांनी बांधलेले ७८८ तलाव होते. एरवी हे तलाव पाणी अडवून पुराचा जोर कमी करीत. पण या वेळी ते एकामागून एक तुडुंब भरले आणि वरचा तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्या तलावावर आदळून तोही फुटू लागला. अशा रीतीने २२१ तलाव फुटले. पावसाचे पाणी आणि तलावांचे पाणी एकवटून मुसीच्या पात्रात लोटले.

२८ सप्टेंबरच्या सकाळी या लोंढ्याने शहर गाठले. पुलांच्या कमानी बुडाल्या, कठडे वाहून गेले. तीन पूल उद्ध्वस्त झाले. कुतुबशाहीच्या काळातील जुना पूल तेवढा पाण्याखाली जाऊनही तग धरून राहिला. काठावरच्या मातीच्या घरांच्या भिंती विरघळून खाली बसल्या. बायकामुले उंच जागांच्या आश्रयाला धावली, परंतु पाणी त्यांच्याही मागे वर चढत गेले. अफझलगंज भागातील एका चिंचेच्या झाडावर सुमारे दीडशे माणसे चढून बसली आणि त्या झाडाने त्यांचे प्राण वाचविले. ज्यांना असे झाड मिळाले नाही अशा अभाग्यांची संख्या फार मोठी होती. या पुरात पंधरा हजारांच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली असे सामान्यतः सांगितले जाते. हजारो कुटुंबे उघड्यावर आली. उर्दू कवी अमजद हैदराबादी यांचे सारे कुटुंब त्यांच्या डोळ्यांदेखत वाहून गेले. निजाम मीर महबूब अली खान यांनी राजवाड्यांची दारे निराधारांसाठी उघडली आणि अन्नछत्रे चालू केली. राजापासून रंकापर्यंत सर्वांच्या मनात एकच प्रश्न होता : असा पूर पुन्हा आला तर काय करावयाचे?

या सुमारास विश्वेश्वरय्या मुंबई सरकारच्या नोकरीतून मोकळे होऊन परदेशच्या प्रवासास गेले होते. तेथील धरणे आणि कारखाने पाहण्यात ते मग्न असतानाच निजाम सरकारचे बोलावणे त्यांना तारेने पोहोचले. नियोजित प्रवास आटोपून ते परतले आणि १९०९ च्या एप्रिल महिन्यात त्यांनी हैदराबादेत कामाला आरंभ केला.

पुराला तोवर सहा महिने उलटून गेले होते. नदी पुन्हा आपल्या पात्रात निमूटपणे वाहत होती. गेलेल्या पुराची साक्ष द्यावयास उरल्या होत्या त्या केवळ भिंतींवरच्या पाण्याच्या रेषा आणि वाचलेल्या लोकांच्या आठवणी. विश्वेश्वरय्यांनी प्रथम या रेषांची मोजदाद केली. कोणत्या पुलापाशी पाणी किती उंच चढले होते, तेथे नदीचे पात्र किती रुंद होते, पात्राचा उतार किती होता, हे मोजले म्हणजे त्या वेळी किती पाणी वाहत असावे याचे गणित करता येते. त्यांच्या हिशेबाप्रमाणे पुराच्या ऐन भरात मुसीतून दर सेकंदास सुमारे सव्वाचार लाख घनफूट पाणी वाहत होते.

एवढ्यावर कोणी समाधान मानले असते. परंतु विश्वेश्वरय्यांना झालेल्या पुराइतकेच पुढे येऊ शकणाऱ्या पुराचे मान हवे होते. आणि ते नदीच्या काठावर सापडण्यासारखे नव्हते, ते पावसाच्या नोंदींतच दडलेले होते. हैदराबाद संस्थानात अशा नोंदी अपुऱ्या होत्या. तेव्हा त्यांनी शेजारच्या मुंबई आणि मद्रास इलाख्यांतील पावसाचे आकडे मिळविले. मोठमोठे पाऊस कोठे झाले, ते किती तास टिकले, किती प्रदेशावर पसरले, याची त्यांनी छाननी केली. शेजारच्या प्रांतावर जे ढग रिते होतात ते एखाद्या वर्षी मुसीच्या पाणलोटावरही रिते होऊ शकतील, कारण ढगांना संस्थानांच्या सीमा ठाऊक नसतात, असा त्यांचा विचार होता. खेड्यापाड्यांतील कचेऱ्यांच्या आवारात पर्जन्यमापकातले पाणी दररोज सकाळी मोजून वहीत आकडा टिपणाऱ्या अनाम कारकुनांचे श्रम या कामी फळाला आले. त्यांनी टिपलेला एकेक इंच आता एका मोठ्या शहराच्या रक्षणासाठी उपयोगी पडत होता.

या हिशेबाचे स्वरूप कोणालाही समजण्यासारखे आहे. एक चौरस मैल जमिनीवर एक इंच पाऊस पडला तर सुमारे २३ लाख घनफूट पाणी होते. हैदराबादच्या वर मुसीचा पाणलोट ८६२ चौरस मैलांचा आहे. म्हणजे त्या साऱ्या प्रदेशावर केवळ एक इंच पाऊस झाला तरी सुमारे २०० कोटी घनफूट पाणी जमा होते. त्यांतील काही जमिनीत मुरते, काही तलावांत थांबते आणि उरलेले नदीकडे धावते. जमीन तहानलेली असेल तर ती पुष्कळ पाणी पिऊन टाकते. पण आठ दिवसांच्या झडीने ती आधीच तृप्त झालेली असेल तर आलेले बहुतेक पाणी ती नदीच्या हवाली करते. म्हणून तोच पाऊस मृगात पडला तर ओढे भरतात आणि भाद्रपदात पडला तर शहरे बुडतात. दर सेकंदास सव्वाचार लाख घनफूट म्हणजे एका तासात सुमारे १५३ कोटी घनफूट पाणी. सबंध पाणलोटावरचा पाऊण इंच पाऊस तासाभरात शहरातून वाहून जाण्यासारखे ते होते. असे पाणी पेलण्याची शक्ती मुसीच्या पात्रात नव्हती.

आता उपाय कोणता योजावयाचा? नदीच्या दोन्ही काठांस उंच भिंती बांधाव्यात, हा विचार कोणाच्याही मनात प्रथम येईल. परंतु एवढा लोंढा सामावून घेण्यासाठी पात्र अतिशय रुंद करावे लागले असते आणि दाट वस्तीच्या शहरात त्यासाठी असंख्य घरे पाडावी लागली असती. शिवाय भिंतीवरून पाणी एकदा उसळले की ती भिंतच घातक ठरते. आत शिरलेले पाणी ती बाहेर जाऊ देत नाही. विश्वेश्वरय्यांनी वेगळा मार्ग सुचविला. शत्रूला शहराच्या वेशीवर गाठण्याऐवजी वरच्या खिंडीतच अडवावे, तसे पुराला शहरात येण्यापूर्वीच थोपवावे, असे त्यांनी ठरविले. शहराच्या वर काही मैलांवर मुसी आणि ईसी या दोन्ही नद्यांवर एकेक मोठा जलाशय बांधावा. त्यांत पुराचे पाणी धरून ठेवावे आणि नदीच्या पात्राला सोसेल तेवढेच खाली सोडावे, ही त्यांच्या योजनेची मुख्य कल्पना होती. अशा जलाशयाचा काही भाग पावसाळ्यात पुरासाठी रिकामा राखावा लागतो. भरलेल्या घागरीत आणखी पाणी मावत नाही, हे जितके साधे तितकेच विसरले जाणारे सत्य आहे. या जलाशयांबरोबरच शहरातील काठ नीट बांधून तेथे बागा कराव्यात आणि सांडपाण्याच्या निचऱ्याची व्यवस्था करावी, असेही त्यांनी सुचविले. १९०९ च्या ऑक्टोबरात त्यांनी आपला अहवाल सरकारला सादर केला. सहा महिन्यांत त्यांनी हे सारे काम पुरे केले होते.

मोठ्या योजना कागदावरून जमिनीवर उतरावयास वेळ लागतो. महबूब अली खान १९११ साली निवर्तले आणि मीर उस्मान अली खान गादीवर आले. त्यांच्या कारकिर्दीत गंडीपेठ येथे मुसीवरचा जलाशय १९२० साली पुरा झाला. त्यास उस्मानसागर हे नाव मिळाले. ईसीवरचा हिमायतसागर १९२७ साली पुरा झाला. या दोन जलाशयांनी दोन कामे केली. पावसाळ्यात त्यांनी पुराचे पाणी अडविले आणि तेच पाणी वर्षभर नळांनी घरोघर पोहोचविले. ज्या पाण्याने शहर बुडविले होते त्याच पाण्याने शहराची तहान भागविली. काठावर बागा आणि सुंदर इमारती उभ्या राहिल्या. आपल्या मराठवाड्याचे जिल्हे त्या काळी याच संस्थानात मोडत असत. त्यामुळे राजधानीचा हा कायापालट मराठी माणसांनीही जवळून पाहिला.

हैदराबादचा अहवाल दिल्यानंतर विश्वेश्वरय्या म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले आणि १९१२ पासून १९१८ पर्यंत त्यांनी त्या संस्थानाचे दिवाणपद भूषविले. कावेरीवरील कृष्णराजसागर, शाळा, विद्यापीठ, कारखाने अशा अनेक कामांनी त्यांची कारकीर्द गाजली. तथापि पुराचा प्रश्न त्यांच्या मनातून कधीच गेला नाही. १९३७ साली ओरिसात महानदीच्या पुराने हाहाकार उडविला, तेव्हा वयाची पंचाहत्तरी उलटलेले विश्वेश्वरय्या त्या प्रश्नाच्या अभ्यासाला लागले. महानदीच्या खोऱ्यात जलाशय बांधण्याच्या दृष्टीने कसून पाहणी करावी, असा सल्ला त्यांनी दिला. त्याच नदीवर पुढे हिराकुद धरण उभे राहिले आणि १९५७ साली त्याचे उद्घाटन झाले.

त्यांचे वागणे त्यांच्या गणितासारखेच नेटके होते. वेळ पाळण्यात ते अत्यंत काटेकोर असत. पोशाख साधा पण स्वच्छ, बोलणे मोजके, आहार मित. कोणतेही मत देण्यापूर्वी आकडे गोळा करावयाचे आणि आकडे हाती आल्यावर मत देण्यास कचरावयाचे नाही, हा त्यांचा बाणा होता. १९५५ साली भारत सरकारने त्यांना भारतरत्न ही पदवी देऊन गौरविले. वयाची शंभरी गाठून १९६२ साली त्यांनी या जगाचा निरोप घेतला. १५ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस देशात अभियंता दिन म्हणून पाळला जातो.

त्यांच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी, १२ जुलै १९६१ रोजी, पुण्यावर मोठे संकट कोसळले. बांधकाम पुरे न झालेले पानशेतचे धरण फुटले आणि त्याच्या लोंढ्याने खाली असलेले खडकवासल्याचे जुने धरणही फुटले. ज्या धरणावर विश्वेश्वरय्यांनी आपले दरवाजे बसविले होते तेच हे धरण. पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. वरचा बांध फुटला की खालच्या बांधावर कोणता प्रसंग ओढवतो, हे मुसीच्या तलावांनी १९०८ साली दाखविले होते. मुठेने तेच भीषण रीतीने पुन्हा दाखविले. कोणतेही धरण माणसाला कायमचे अभय देत नाही. पाण्याचा हिशेब एकदा मांडून बासनात बांधून ठेवता येत नाही; तो प्रत्येक पावसाळ्यात नव्याने मांडावा लागतो.

हा हिशेब करण्याची साधने त्यांच्यानंतर पुष्कळ वाढली. भारताचे हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले होते, परंतु नदीच्या पुराचे शास्त्रशुद्ध पूर्वानुमान देण्याचे काम आपल्या देशात १९५८ साली दिल्ली येथे यमुनेपासून सुरू झाले. आज उपग्रह ढगांची छायाचित्रे घेतात, रडार पावसाच्या सरींचा माग काढते आणि आपोआप चालणारी पर्जन्यमापके दूरवरच्या टेकड्यांवरील पावसाची वार्ता क्षणात पाठवितात. २०२० च्या ऑक्टोबरात हवामान खात्याने भारत आणि शेजारच्या चार देशांसाठी अकस्मात येणाऱ्या पुरांची सूचना देणारी व्यवस्था सुरू केली. किती पाऊस होणार आहे आणि जमीन आधीच किती ओली आहे, हे दोन्ही ताडून लहान लहान पाणलोटांतील पुराचा संभव ती सहा तास आणि चोवीस तास आधी कळविते. विश्वेश्वरय्यांनी भिंतीवरच्या रेषा आणि जुन्या वह्या यांतून महिनोन्महिने जे शोधले, ते आता काही तासांत हाती येते. प्रश्न मात्र तेच आहेत : किती, कोठे, किती वेळात आणि जमीन किती पिईल?

त्याच महिन्यात हैदराबादेवर पुन्हा प्रचंड पाऊस कोसळला. या वेळी पावसाचा मोठा भाग जलाशयांच्या खाली, खुद्द शहरावर आणि त्याच्या पूर्वेस पडला. बुजलेले ओढे आणि आक्रसलेली तळी यांना तो पेलवेना. अनेक वस्त्या जलमय झाल्या आणि कित्येकांचे प्राण गेले. पावसाची सूचना कितीही आधी मिळाली तरी पाण्याला जावयास वाट ठेवलेली नसेल तर त्या सूचनेने जीव वाचतील, घरे वाचणार नाहीत. सूचना आणि वाट ही दोन्ही असावी लागतात. पहिली देणे हे शास्त्रज्ञांचे काम आहे. दुसरी राखणे हे नदीकाठी राहणाऱ्या प्रत्येक गावाचे काम आहे.

मुसीच्या काठी अफझलगंज भागातील ते चिंचेचे झाड पुढे उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात जपले गेले. दीडशे माणसांना आधार देणाऱ्या त्या वृक्षाविषयी लोकांना कृतज्ञता वाटते, हे योग्यच आहे. परंतु संकटाच्या वेळी हाती लागेल त्या फांदीला धरून जीव वाचविणे निराळे आणि संकट येण्यापूर्वी शांतपणे बसून सबंध शहराच्या रक्षणाचे गणित करणे निराळे. असे गणित करणाऱ्याचे उपकार सहसा दिसत नाहीत, कारण जो पूर आलाच नाही त्याची आठवण कोणी ठेवीत नाही. विश्वेश्वरय्यांचे थोरपण या न आलेल्या पुरांत आहे.